चाळीसच्या आत

काटा चाळीसला टेकला तसा संपतनं पाय उचलला. शेजारी बसलेली हौसा काट्याकडेच बघत होती.

"बास," ती म्हणाली. "यापुढं नगं."

जुन्नर मागं पडलं होतं. रिकामी जीप घाटघरपर्यंत न्यायची आणि परत आणायची, असं ठरलं होतं. बहिरूनं इंजिन नव्यानं बांधून दिलं होतं, आणि पिस्टनच्या नव्या रिंगा नीट बसेपर्यंत, पहिले हजार किलोमीटर, गाडी चाळीसच्या आत ठेवायची असं बजावलं होतं. बजावलं होतं ते हौसाला. "तू शेजारी बस गं हौसा. संपतरावांचा पाय जड हाय." गॅरेजात, चार लोकांत.

हौसा आणि बहिरू एका गावचे. बारा वर्षांपूर्वी, शहाऐंशी साली, दोघांच्या लग्नाची बोलणी झाली होती. बहिरूच्या घरी जमीन नाही म्हणून ती मोडली आणि मग संपतचं स्थळ आलं. हे तिनंच लग्नानंतर मोकळेपणानं सांगितलं होतं. संपतला ते कधी मोकळेपणानं ऐकता आलं नाही. बहिरूनं अजून लग्न केलेलं नाही, हे तर त्याच्या डोक्यातून जात नसे. पण वारूळवाडीत त्या हाताचा दुसरा मिस्त्री नव्हता, आणि संपतचं घर याच जीपवर चालत होतं.

"चढाला दाबू नका," हौसा म्हणाली. "आन् पाश्शे किलोमीटरला ऑइल बदलायचं."

"लई पाठ झालंय तुझं."

"त्यानं सांगितलं तेच म्हणते." मग काहीतरी आठवून ती हसली. "शाळंत असतानाबी त्यो सायकलच्या चाकाला कान लावून बसायचा. मास्तर हाका मारायचे, ह्याचं ध्यानच न्हाई."

संपतविषयी बोलताना ती अशी हसल्याचं त्याला आठवेना. आपटाळ्याच्या पुढं रस्ता सरळ होता. त्यानं पाय दाबला.

काटा पन्नासवर गेला, साठवर गेला. हौसानं समोरचा दांडा धरला. ती बोलली नाही, आणि बोलत नाही म्हणून त्यानं आणखी दाबलं. ऐंशीच्या आसपास करपल्याचा वास आला, आवाज जड झाला. मागची चाकं करकरत घासली आणि जीप कडेला जाऊन थांबली. किल्ली फिरवली तरी इंजिन हलेना.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला बांधून आणलेली जीप बहिरूनं उघडली. बाकावर कुशाबा बसला होता, ट्रॅक्टरचं इंजिन बांधायला द्यावं म्हणून आलेला. पिस्टनवरच्या उभ्या ओरखड्यांवरून बहिरूनं अंगठा फिरवला. संपतला त्यानं काही विचारलं नाही.

"हौसा, चाळीसच्या वर गेली व्हती का?"

संपतनं मान खाली घातली.

"न्हाई," हौसा म्हणाली. "तू सांगितलं तशीच चालवली त्यांनी."

बहिरू तिच्याकडे बघत राहिला.

"मग माझंच चुकलं," तो म्हणाला. "पिस्टन तंग बसला आसंल. परत बांधून देतो."

"मी येतो मग पुन्यांदा कवातरी," म्हणत कुशाबा उठला. हौसा पदर सावरत बाहेर गेली आणि रस्त्याच्या कडेला पाठमोरी उभी राहिली.

बहिरू तिच्यादेखत लहान झालेला बघावा, असं संपतला कितीतरी वर्षं वाटत आलं होतं. आता तसं झालं होतं, आणि त्याला तिथं उभं राहवेना.

"कुशाबा, थांबा," तो म्हणाला. "ऐंशीला नेली मी. ह्याचं काम चोख व्हतं."

कुशाबा घोटाळला आणि परत बाकावर टेकला. बहिरूनं मान वर केली नाही.

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला. "पिस्टन दिसतोय की."

पुसून झालेला पिस्टन तो पुन्हा पुसत राहिला. मग कुशाबाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "माझ्याशी ती कदी खोटं बोलली न्हवती. तुमच्यासाठी बोलली."

तो दारातून बाहेर रस्त्याकडे बघत होता. ती नजर संपतच्या ओळखीची होती; इतकी वर्षं ती त्याची स्वतःची होती. त्यानं शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि तो बहिरूशेजारी जमिनीवर बसला.