कांजूरमार्गची चौथी रिंग

मी मरोळ गावठाणातल्या जोसेफीनबाईंच्या घरचा लँडलाइन फोन बोलतोय. सुरुवातीलाच माफी मागतो. बोलणं माझं असलं तरी लिहिणारा हात त्यांच्या धाकट्या मुलाचा, फ्लॉयडचा आहे. तो आठवीनंतर गॅरेजात लागला. शुद्धलेखन चुकेल, शब्द साधेच असतील. सांभाळून घ्या.

मी या घरात आलो तेव्हा फ्लॉयड जन्मलाही नव्हता. त्याचे वडील बॅप्टिस्ट यांनी माझ्यासाठी अर्ज केला आणि चार वर्षं वाट पाहिली. लाइनमन आला त्या दिवशी गावठाणात केक वाटला. बॅप्टिस्टनी सुताराकडून माझ्यासाठी लाकडी पेटी करून घेतली आणि तिला कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या खिशात. तरी अर्धं गावठाण माझ्याकडे यायचं. दुबईहून फोन आला की माणसं इतकी ओरडायची, की तार नसती तरी आवाज पोचला असता.

माणसांची एक गंमत मी खूप पाहिली. "चल, ठेवते," म्हणून झाल्यावर खरं बोलणं सुरू होतं.

मग मोबाइल आले. बॅप्टिस्ट गेले, पेटीचं कुलूप गेलं, पेटीही गेली. मोठा मुलगा डेल्रॉय लग्न करून मालाडला राहायला गेला. तो येतो तेव्हा माझ्यावर हेल्मेट ठेवतो. धूळ बसली तरी मी तक्रार केली नाही, कारण संध्याकाळचं माझं काम कोणी हिरावलं नव्हतं.

ते काम असं. जोसेफीनबाईंची थोरली बहीण सिंथिया कांजूरमार्गला राहते. गुडघे गेलेत, पलंगावरच असते. रोज सात वाजता बाई तिला फोन लावायच्या आणि दोघी मिळून रोझरी म्हणायच्या. अर्धी प्रार्थना इकडून, अर्धी तिकडून. तिकडचा रिसीव्हर सिंथियाच्या उशीवर, इकडचा मी टेबलावर आडवा. पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच फेरे. ते झाले की आमटीत काय घातलं, कोणाची सून कशी वागली, सगळं व्हायचं. लोकल कॉल फुकट, म्हणून कोणी घड्याळ बघत नव्हतं.

मोबाइलवर हे जमत नाही. आम्ही करून पाहिलंय. सिंथिया बहिरट, ती मोबाइल गालाला घट्ट दाबते. गालानेच बटण दाबलं जातं आणि अर्ध्या प्रार्थनेत फोन कट.

मागच्या महिन्यात टेलिफोन कंपनीचं पत्र आलं. दोन पानं, सगळं इंग्रजी. डेल्रॉय वांद्र्याच्या मोठ्या ऑफिसात आहे, म्हणून बाईंनी पत्र त्याच्यासाठी राखून ठेवलं. रविवारी तो आला आणि उभ्या उभ्याच पहिल्या चार ओळी त्याने वाचल्या.

"गेलं मम्मी. फुकटचं संपलं. आता तीन-तीन मिनिटांचा कॉल मोजणार. काढून टाक ना हा डबा."

"डबा काय म्हणतोस रे? तुझ्या डॅडीने आणलाय."

"म्हणून काय म्युझियम करायचंय घराचं?"

मला डबा म्हटल्याचं काही नाही. पण तीन मिनिटांत एक दशकही होत नाही. दोघी बहिणींनी डोकं चालवलं. प्रार्थना आपापल्या घरी म्हणायची. पहिलं दशक जोसेफीन म्हणणार आणि झालं की दोन रिंगा देऊन फोन ठेवणार. मग दुसरं सिंथिया म्हणणार आणि दोन रिंगा देणार. असं आळीपाळीने पाच. कोणी उचलायचंच नाही, म्हणजे कॉल पडत नाही, पैसे लागत नाहीत.

मला इतका वैताग आला! लाइन माझ्यातून जाते. अजून कसलंही मोजणं सुरू झालेलं नाही, हे मला कळत होतं. मी आवाज पोचवणारा, पण माझा स्वतःचा आवाज कोणाला ऐकू येत नाही. रोज दोन रिंगा वाजवून गप्प बसायचं, म्हणजे जेवणाचा नुसता वास घ्यायचा.

अकराव्या दिवशी पहिली रिंग इकडून गेली, दुसरी तिकडून आली, तिसरी इकडून गेली. चौथी आलीच नाही.

बाई माळ हातात धरून माझ्याकडे बघत बसल्या. "झोपली असेल," म्हणाल्या. थोड्या वेळाने, "रुसली असेल. काल मी तिच्या सुनेबद्दल बोलले ना." काल कुठलं? बोलणं होऊन अकरा दिवस झाले होते. त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. "उगाच कॉल पडेल."

अहो, उचला ना! काही पडत नाही!

पाऊण तासाने मीच वाजलो. सिंथियाची सून नादिया होती.

"आंटी, मम्मी पडल्या! मी आत्ता कामावरून आले. खाली पडल्या होत्या, रिसीव्हर हातात."

रिसीव्हर पूर्वी एकदा उशीवर ठेवला की काम झालं. आता प्रत्येक रिंगेसाठी तिला पलंगावरून वाकून स्टुलावरच्या फोनपर्यंत पोचावं लागत होतं. चौथ्या रिंगेच्या वेळी तोल गेला. डावं मनगट मोडलं. लाइन उघडी असती, तर ती पडल्याचं त्याच क्षणी इथे ऐकू आलं असतं. ती पाऊण तास हाका मारत होती.

दवाखान्यातून आल्यावर फ्लॉयडने ते पत्र काढलं. तो फारसा बोलत नाही, अनोळखी माणसाशी तर नाहीच. पण एकेका शब्दावर बोट ठेवून, अडलं तिथे मोबाइलमध्ये अर्थ बघत, त्याने दोन्ही पानं तीनदा वाचली.

"मम्मी, हे झालेलं नाही. करायचा विचार आहे, असं लिहिलंय. हरकत असेल तर कळवा म्हणतायत. अजून चार दिवस आहेत."

"डेल्रॉयला इंग्लिश येतं ना रे?"

"येतं. म्हणूनच पुरतं वाचलं नाही त्याने."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ओढणीने तोंड झाकून घेतलं.

कंपनीच्या साहेबांनो, फ्लॉयड हरकत लिहितोय आणि माझंही त्यातच जोडतोय. तुमच्या तक्त्यात आम्ही 'कमी वापर' असू. महिनाभर एकच नंबर लागतो, खरं आहे. पण त्या एका नंबरावर एक बाई पलंगावरून जगाशी जोडलेली आहे. तीन मिनिटं मोजायला लागलात तर ही माणसं भांडायला येणार नाहीत. ती गुपचूप बोलणं कमी करतील. तेच तुम्हाला तक्त्यात दिसणार नाही.

हरकत इथे संपली; पुढचं फ्लॉयडने नंतर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजला जायच्या आधी फ्लॉयडने मला उचललं आणि कांजूरमार्गचा नंबर लावला.

"नादिया, फ्लॉयड बोलतोय. रिसीव्हर आंटीच्या उशीवर ठेव. नाही, काही झालं नाही. नुसता ठेव. आणि कट करू नको."

त्याने मला टेबलावर आडवा ठेवला आणि मम्मीची खुर्ची जवळ ओढली. हरकतीचं पाकीट शर्टात घालून तो कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसला निघाला. दार लावताना त्याला मागून ऐकू आलं, "सिंथी, चहा घेतलास का गो?"