शेळीने खाल्लेली एकशे चाळीस वर्षं

आमच्या अग्निद्वीपाची एकशे चाळीस वर्षं एका शेळीने खाल्ली, तीही भर दुपारी, कोराडीच्या कॉलनीत, केशवच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात.

साल त्र्याऐंशी. केशव पॉवर स्टेशनात बॉयलरवर इंजिनिअर होता. त्याच्या अमेरिकेतल्या मावसभावाने त्याला एका खेळाची पेटी धाडली होती. एकाने जग सांगायचं, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं आणि पेच पडला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. दर रविवारी आम्ही तिघं खेळायचो. केशव इंग्रजी नावं मराठी करून जग सांगायचा, माझा चुलतभाऊ रुपराव सरदार व्हायचा आणि मी, टेलिफोन एक्स्चेंजवरची प्रेमिला, तलवार चालवणारी चंद्रसेना. त्या जगातल्या अग्निद्वीप राज्याचा गड मीच जिंकला होता. आता गादीवर बसायचं तर मूळ राजा वीरभद्रापासून चंद्रसेनेपर्यंतची वंशावळ दाखवणं भाग होतं, आणि खेळाबरोबर आलेल्या इतिहासाच्या पुस्तकातली नेमकी तीच आठ पानं शेळीच्या पोटात गेली होती.

रुपराव लगेच सरसावला. राजाला एकच मुलगी होती एवढं आधीच्या पानावर शाबूत होतं. म्हणजे गादी राजाच्या भावाच्या वंशातल्या रुपरावाच्या सरदाराची. "पोरीचा वंश कुठं चालते, सांग बरं?" तो म्हणाला. केशवने निकाल दिला की पुढच्या रविवारी अकरापर्यंत प्रेमिलाने मधली पोकळी भरून आणावी, एकही नाव सुटता कामा नये, नाहीतर गादी रुपरावाची.

एरवी मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच रविवारी सकाळी आमच्या घरी खराखुरा भाट बसायचा होता.

नत्थूजी भाट चार-पाच वर्षांतून एकदा पोथी घेऊन येत, नातेवाइकांसमोर आमच्या घराण्याची नावं गाऊन दाखवत आणि नवी नावं लिहून नेत. मुलांची. मुली त्या पोथीत नव्हत्याच. मी एकुलती एक, आई जाऊन सहा वर्षं झालेली, आणि माझे बाबा, महादेवराव, निवृत्तीला टेकलेले. मागच्या खेपेला नत्थूजी सांगून गेले होते की आता बाबांच्या नावापुढे दोनच शब्द लिहायचे राहिलेत: वंश खुंटला. बाबा तसे हसतमुख माणूस, पण भाट येणार हे कळल्यापासून आठवडाभर ताटावर बसून नुसता भात चिवडत होते. मला इतका राग आला होता की ती पोथीसुद्धा त्या शेळीपुढे टाकावी असं वाटे.

शनिवारी दुपारी नत्थूजी आले. बाबा ड्यूटीवर होते. चहा पुढे ठेवून मी अग्निद्वीपाची सगळी कर्मकथा सांगितली आणि मधली वर्षं भरून द्या म्हटलं. ते आधी भडकले. भाट खोटं नाव घेत नाही. चार माणसांत भाटाच्या तोंडून निघालेलं नाव खोडता येत नाही, ते लिहावंच लागतं, अशी त्यांची रीत. म्हणून तर भाट आधी मनात वाचतो आणि मग तोंडाने. मी म्हटलं, राज्यच नाही तर नाव खोटं कसं होईल, आणि लिहायचं तर माझ्या वहीत आहे. त्यांनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या.

"कुळदैवत कोणतं म्हने वं तुमच्या राजाचं?"

झालं, त्यांना चेव चढला. त्यांच्या मते एकशे चाळीस वर्षांत कुठलंही घराणं दोनदा तरी गाव बदलतं, एकदा दुष्काळाने आणि एकदा भावाशी विहिरीवरून भांडून. म्हणून अग्निद्वीपात दुष्काळ पडला आणि विहीरही खणली गेली. लग्नाला कोण आलं होतं हे लिहिल्याशिवाय ते पुढे सरकेनात, म्हणून एका पंगतीत आग ओकणारा अजगर जेवायला बसला आणि त्याला ठसका लागल्यामुळे मांडव जळाला.

पुढच्या प्रत्येक पिढीचं मूल मात्र केशवकडून आणलेल्या फाशावर सोपवायचं ठरलं. सम आकडा आला तर मुलगा, विषम आला तर मुलगी. मी टाकला, मुलगी. पुन्हा टाकला, मुलगी. तिसऱ्यांदा नत्थूजींनी फासा माझ्या हातून काढून घेतला, कानाशी हलवला, देवाचं नाव घेतलं आणि स्वतः टाकला. मुलगी. पाचव्या मुलीपाशी हसता हसता त्यांचा फेटा सुटला. सहावी मुलगी म्हणजे माझी चंद्रसेना. मग त्यांनी मांडीवर ठेका धरला: वीरभद्राची उग्रसेना, उग्रसेनेची मेघसेना, मेघसेनेची रत्नसेना. संध्याकाळी बाबा परतले तेव्हा आम्ही दोघं टाळ्या वाजवत राण्या गात होतो. आठवड्यात पहिल्यांदाच ते हसले.

रविवारी नऊला काटोलहून काका-मामा संत्र्यांच्या टोपल्या घेऊन बसने आले. केशव आणि रुपरावही येऊन बसले. बाबा नवं धोतर नेसून पाटावर बसले होते, मान खाली घालून. नत्थूजींनी पोथी उघडली आणि सूर लावला. गोपाळरावाचा गणपतराव, गणपतरावाचा महादेवराव. इथे थांबून 'वंश खुंटला' हे दोन शब्द म्हणायचे आणि लिहायचे होते. पण आदल्या दिवशीची चाल जिभेवर बसली होती, मांडीवरचा हात थांबलाच नाही, आणि त्याच ठेक्यात पुढचं नाव बाहेर पडलं.

"महादेवरावाची प्रेमिला."

संत्री सोलणारे हात थांबले. नत्थूजींनी जीभ चावली. रुपराव म्हणाला की चुकलं तुमचं, मागचं सोडा, पुढं चला.

"चुकलं खरं," नत्थूजी म्हणाले. "पण चार माणसांत तोंडून निघालं गा. आता लिवा लागते."

आणि त्यांनी लिहिलं. माझं नाव त्या पोथीत उतरताना मी पाहिलं आणि मला इतका आनंद झाला की मी केशवच्या हातातलं सोललेलं संत्रं घेऊन खाऊन टाकलं. केशव हसत सुटला, मग काका, मग मामा. एकाच सकाळी दोनदा हरायची रुपरावाची तयारी नव्हती, म्हणून अग्निद्वीपाची गादी त्याने जागच्या जागी सोडून दिली.

 बाबांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. नत्थूजी पोथी बांधू लागले तेव्हा मात्र बाबांनी त्यांचा हात धरला.

"शेवटची ओळ वाचा जी अजून एकदा," ते म्हणाले. "मले नीट ऐकू नाई आली."

नत्थूजींनी वाचली. बाबांनी आणखी एकदा वाचायला लावली, आणि त्या वेळी मांडीवर ठेका बाबांनी धरला.