ताईने केलेली चकती

ताई गेली तेव्हा घरच्यांनी तिचं घड्याळ, कपडे वाटून घेतले. धाकट्या बहिणीने मागितली ती प्रयोगशाळेतली तांब्याची नखाएवढी चकती. मावशीने कपाळाला हात लावला. पण धाकटीही ताईसारखीच पदार्थविज्ञानवाली. तिला त्या चकतीचं मोल ठाऊक होतं.

ताईचं म्हणणं साधं होतं. धातूतला प्रत्येक अणू सतत थरथरत असतो. चहूबाजूंनी शेजारी धरून असले की घट्ट, भराभर थरथरतो. कडेच्या अणूला एका अंगाला शेजारीच कमी, म्हणून तो सैल, संथ डोलतो. धातूचे कण अतिसूक्ष्म केले की बरेचसे अणू कडेलाच येतात आणि थरथरीच्या आलेखाच्या संथ टोकाला उंचवटा दिसायला हवा. तिच्या आधीच्या नमुन्यात तो दिसलाही, पण मोठमोठ्या लोकांनी नाकं मुरडली: तुमच्या तांब्यात भेसळ असेल. ताई इरेला पेटली. तिने अशाच कणांची ही निर्मळ चकती केली, आणि मोजणीआधीच अंथरुणाला खिळली. इतके बारीक कण तिच्यानंतर कुणालाच साधले नाहीत.

थरथर मोजायचं यंत्र ताईच्या नवऱ्याकडे, म्हणजे भावजींकडे होतं. त्यावर पाळी लागायला वर्ष लोटलं. तोवर चकती धाकटीच्या प्रयोगशाळेत, द्रव नायट्रोजनच्या अतिगार भांड्यात राहिली. ऊब लागली की असले कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, हे धाकटी स्वतःच विद्यार्थ्यांना घोकून घ्यायची.

मोजणीच्या दिवशी दोघं पडद्याला डोळे लावून बसले. रेषा उमटत गेली. संथ टोकाला उंचवटा नव्हता. विजेच्या साध्या तारेतल्या तांब्याची येते, तीच रेषा.

"यंत्र नीट आहे ना?" धाकटीने विचारलं.

"यंत्राला काय धाड भरलीय?" भावजींनी चष्मा काढला. "चकती कधी बाहेर काढली होतीस?"

थाप मारता आली असती, पण भावजींपुढे तिची जीभ रेटेना.

"काढायचे. आठवण अनावर झाली की चिमट्याने काढायचे, गारठा उतरला की मुठीत धरून बसायचे. तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं ना. वाटायचं, एवढ्याशाने काय होतंय."

"एवढ्याशाने?"

"पुन्हा पुन्हा काढली, भावजी." ती रडायला लागली. "तिचं म्हणणं खरं होतं की नाही, हे आता कधीच कळायचं नाही. मी घालवलं सगळं."

भावजी चष्मा पुसत राहिले. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. खालून पंपाची घरघर येत होती.

"दर आठवड्याला तुमच्या प्रयोगशाळेच्या दारापर्यंत यायचो मी," शेवटी ते म्हणाले. "चकतीला धक्का नको, म्हणून आत पाऊल टाकलं नाही कधी." त्यांनी चष्मा बाजूला ठेवला. "मला एकदा तरी हाक मारायचीस गं. मीही धरली असती."