आमच्या दोघांचा डाग

मी तामचिनीचा पांढरा वाडगा बोलतोय. कडेचे टवके उडालेत, पण ऐट शाबूत आहे. का नसावी? एका घराच्या तीन पिढ्यांनी माझ्या पोटात रंग कालवलेत.

कारखान्यातून निघालो तो थेट एका रंगाऱ्याच्या दुकानात आलो. गिऱ्हाइकाला आधी माझ्यात रंग दाखवायचा, पसंत पडला की कापड मोठ्या हंड्यात. आधी आजोबांनी मला वापरलं, मग त्यांच्या मुलानं. या मुलाला मी घरातल्यांसारखं बाबाच म्हणतो. हंड्यातलं कापड ते सतत हलवत राहायचे. हात थांबला की रंग एका जागी बसतो आणि डाग पडतो. डाग पडलेलं कापड त्यांनी कधी गिऱ्हाइकाच्या हाती दिलं नाही.

पुढे बाजारात तयार रंगीत कापड स्वस्त झालं आणि दुकान बंद पडलं. माणसं वस्तूला निवृत्त करत नाहीत, सरळ मोरीत ठेवतात. मी साबण सांभाळू लागलो.

तिथून मला बाबांच्या मुलीनं उचललं. ती जलरंगात चित्रं काढते. त्यात झाड नाही, घर नाही, माणूस नाही. ओल्या कागदावर रंग सोडायचा आणि पसरेल तसा पसरू द्यायचा. पण रंग सगळे त्या दुकानातले, तिनं लहानपणी पाहिलेले.

"डाग पडू नये म्हणून माझा जन्म गेला," बाबा म्हणाले, "आणि ही मुद्दाम पाडते. लोक म्हणतील, रंगाऱ्याच्या पोरीला साधा रंग बसवता येत नाही."

"लोकांचं राहू द्या. तुम्ही माझ्या चित्रांच्या प्रदर्शनाला याल ना?"

"माझे गुडघे दुखतात."

"तळमजल्यावर आहे, बाबा."

"तळमजल्यावरही दुखतात."

ती हसली खरी, पण माझ्यात निळा कालवताना तिचा हात जड झाला होता. सगळी चित्रं ज्यांच्या रंगांची, तेच येणार नव्हते.

तिनं तो निळा फळीवरच्या ओल्या कागदावर ओतला. तो कोपऱ्यात साचू लागला. खुर्चीतल्या बाबांना ते बघवेना. जन्माची सवय! उठले, फळी उचलली आणि हंड्यातलं कापड हलवावं तशी डोलवू लागले. निळा धावत सुटला, कागदावरच्या लाल रंगाला भिडला आणि मधोमध असा जांभळा उमलला, की इतकी वर्षं रंग पाहूनही मी थक्क झालो.

बाबा थिजले. "नासवलं की गं मी."

"थांबू नका," ती म्हणाली. "हात थांबला की डाग पडतो ना?"

बाबांनी फळी पुन्हा डोलवायला घेतली. आणि मग थांबले नाहीत.

प्रदर्शनात तेच चित्र पहिलं लागलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी बाबाही आले. तिनं मलाही खाली मांडलं होतं, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलं. एका बाईंनी विचारलं, "यात नेमकं काय आहे?" मुलगी तोंड उघडणार, तोच बाबा पुढे झाले.

"डाग आहे," ते म्हणाले. "आमच्या दोघांचा. सावकाश बघा."

आता रोज सकाळी बापलेक निळ्याच्या प्रमाणावरून भांडतात आणि मी मधे डुचमळतो. तुमच्या घरीही कुणी असं रंगात बुडालेलं असेल, तर 'याचा उपयोग काय' असं विचारत लांब उभे राहू नका. जवळ जा, फळी धरा. आणि मला घासून पांढराशुभ्र करायला कुणी निघालंच, तर कृपा करून हात आवरा. माझ्या तळाची ही निळाई मी कमावलीय.