माइनुम्बीची एकच जागा

"जागा ठरल्याशिवाय आज इथून कुणी उठायचं नाही," मी बजावलं आणि तेरेरेचा, म्हणजे आमच्या गार पाण्यातल्या पाल्याच्या चहाचा, पेला माझ्याकडे ओढून घेतला. पेला एकच, नळी एकच, आणि ओतणारा देईल त्यालाच मिळणार. सान लोरेन्सोच्या मार्चातल्या उकाड्यात याहून मोठी सत्ता नाही.

भांडण होतं माइनुम्बीवरून. मुलांना प्रोग्रामिंग शिकवायचं हे साधन आम्ही तिघांनी मिळून बनवलेलं: विलफ्रिदोनं विंडोजसाठी, पेर्लानं मॅकसाठी, मी लिनक्ससाठी. संगणकात बसवलंही प्रत्येकानं वेगळ्या फोल्डरात, आणि तिन्हीकडे संगणक सांभाळणाऱ्याचा पासवर्ड लागायचा. युटी गावच्या शाळेतल्या तेओदोलिना बाईंकडे देणगीत आलेले संगणक तिन्ही जातींचे. मूल आज या संगणकावर, उद्या त्यावर. अर्धा तास शोधाशोधीत जायचा, उरलेला पासवर्डवाल्याला फोन लावण्यात. शेवटी मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं, शुक्रवारी बघायला येतो. मुलं नुसती बसलेली दिसली तर त्या खोलीत जेवणाच्या धान्याची पोती ठेवणार.

"सगळ्यांनी लिनक्सवर आहे तसं करा, संपला विषय," मी म्हटलं.

"हो का महाराणी!" विलफ्रिदो उसळला. "विंडोजवर प्रोग्रामांची जागा ठरलेली असते. पाहुण्यानं घरमालकाची भांडी हलवायची का?"

"मॅकवाले जिथं शोधतात तिथंच मी ठेवलंय," पेर्ला म्हणाली. "आण तो पेला इकडे, घसा सुकला."

"आधी हो म्हण."

"काय मेली हट्टी आहे!" पेर्ला हसली.

विलफ्रिदो मात्र हसला नाही. "ग्रिसेल्दा, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तू सोडशील तुझी जागा?"

झोंबलं मला. माझ्या जागेची इतकी वर्षं जपलेली जुळणी होती ती. लॅपटॉप उघडला आणि दोघांच्या देखत सगळी पुसून टाकली.

"घ्या. माझी गेली. आता तिघांची एकच: वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरात, माइनुम्बी नावानं. पासवर्ड नको, काही नको."

"आधीपासून वापरणारे बोंबलतील," पेर्ला पुटपुटली.

"बोंबलू देत."

विलफ्रिदोनं डोकं खाजवलं. "बदलतो, माझे आई! ओत आता."

बुधवारी नवी आवृत्ती बाहेर पडली, बाईंनी ती लगेच शाळेत बसवली, आणि इकडे शिव्यांचा पाऊस सुरू झाला. एकानं तर लिहिलं, तुम्ही माझं सगळं काम मोडलंत. त्याला नवी जागा नीट समजावली. जुनी परत आणायला साफ नकार दिला.

शुक्रवारी दुपारी बाईंचा फोन आला.

"काय झालं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"मुख्याध्यापक पोती बरोबर घेऊनच आले होते. दारातून मला बघितलं आणि म्हणाले, बाई, तास चालू असताना खुर्चीत बसून काय करताय?"

"मग?" मी विचारलं.

"मी म्हटलं, काय करू सर? आज मला कुणी हाकच मारत नाहीये. बघा की, सगळी कामात आहेत." मग त्या हसल्याच. "पोती परत पाठवली त्यांनी, पोरी."