दुसरं बोलावणं

आमच्या ह्यांना टेकडीचं वेड निवृत्तीनंतर लागलं असं सोसायटीतले लोक म्हणतात. साफ चूक. लग्न होऊन मी घरात आले तेव्हापासून दगडमाती माझ्या उरावर आहे. भूगर्भ खात्यात ह्यांची नोकरी. त्यामुळे लोकांच्या शोकेसमध्ये कपबश्या असतात, आमच्या शोकेसमध्ये धोंडे. पुसायचे मात्र मी. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण भूगोल शिकवणं वेगळं आणि भूगोलाशी संसार करणं वेगळं.

पेठेतली जागा विकून आम्ही बिबवेवाडीत आलो ते मागच्या टेकडीमुळेच. ह्यांना फिरायला हवी होती. काही वर्षं फिरलेही. मग कुणा बहाद्दराने पार्किंगसाठी टेकडीचा पायथा उभा कापला, काम अर्धवट टाकलं आणि गेला निघून. त्या कापलेल्या कडेच्या अगदी वर, उतारावर, पत्र्याच्या घरांची वस्ती आहे. परभणी-हिंगोलीकडून आलेली माणसं, बरीचशी मार्केट यार्डात हमाली करणारी. आमच्याकडे पोळ्या करायला येणारी गोदाबाई तिथलीच. तिचा नवरा कोंडीराम यार्डात पोती उचलायचा, मुलगा दिग्विजय मगरपट्ट्यात कुठल्याशा कंपनीत कामाला. कडेच्या ओळीतलं पहिलं घर त्यांचं.

पायथा कापल्यावर हे रोज टेकडीवर जाऊन तोंड पाडून परत यायचे. एक दिवस मला समजावून सांगितलं. काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा एक पट्टा आहे. पाणी मुरलं की तो साबणाच्या वडीसारखा होतो, आणि वरचं सगळं त्यावरून खाली यायला बघतं. आधी पायथ्याचा आधार होता, आता तोही नाही. गिरिपुष्पाची झाडं एकाच बाजूला कलायला लागली होती. वस्तीच्या बाजूला देऊळ आहे, त्यामागचा झरा आटला आणि भलतीकडूनच लाल पाणी पाझरायला लागलं. खालच्या विहिरीचं पाणी इतकं गढूळ झालं की वस्तीतल्या बायकांनी ते धुण्यालाही घेणं सोडलं.

ह्यांनी अर्ज केले, खेटे घातले. शेवटी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी उतारावर दोन यंत्रं पुरून दिली. एक जमीन किती कलली ते सांगणारं, दुसरं जमिनीची थरथर ऐकणारं. आकडे ह्यांच्या मोबाइलवर यायचे. मग काय विचारता! जेवताना मोबाइल, पूजेला मोबाइल. नातवंडांचे फोटो कधी इतके बघितले नाहीत.

गणपतीच्या आधीची गोष्ट. पाऊस लागून राहिला होता. एका संध्याकाळी मोबाइल कोकलला. थरथर ऐकणाऱ्या यंत्राने धोक्याची रेघ ओलांडली होती. ह्यांनी पाठोपाठ दोन संध्याकाळी तेच बघितलं आणि तिसऱ्या वेळी पायजम्यावरच निघाले. मी शर्ट बदलायला लावला. म्हटलं, लोकांना घराबाहेर काढायला निघालात, निदान माणसासारखे जा.

हे दारोदार गेले. ज्यांनी सोसायटीच्या सभेत कधी कुणाला नमस्कार केला नाही, त्यांनी वस्तीत प्रत्येक उंबऱ्यापुढे हात जोडले. "आजची रात्र शाळेत काढा. मी विनंती करायला आलोय." लोक एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा कोंडीराम उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब सोता दारात आले. आता बसून राहाणं बरं दिसत न्हाई." त्याने वळकटी काखोटीला मारली. तो उठला म्हणून बाकीचे उठले.

रात्रभर महापालिकेच्या शाळेत मुलं रडली, डास चावले, आणि टेकडी होती तिथेच राहिली. सकाळी कॉलेजची मुलं आली. त्यांनी आकडे बघितले, एकमेकांकडे बघितलं, आणि त्यातला एक हळूच म्हणाला, "सर, ही थरथर तालात आहे."

तालात! पायथ्याच्या मैदानावर रोज संध्याकाळी ढोलपथकाचा सराव चालायचा. ऐंशी-शंभर ढोल एकदम. यंत्र ते ऐकत होतं. कलण्याचं यंत्र मुकाट होतं, पण ह्यांना वाटलं, कलणं मागून येईल.

त्यातून ह्याच पथकाविरुद्ध ह्यांनी मागच्या वर्षी पोलिसांत तक्रार केली होती. म्हणजे हात दाखवून अवलक्षण! दिग्विजय त्या पथकात ढोल वाजवायचा. पोरांनी रील केलं: खाली ढोल, वर डोलणारी टेकडी, आणि मधे हात जोडून उभे असलेले आमचे हे. 'अनंतकाकांच्या मशीनला पण गणपती कळतो.' सोसायटीच्या ग्रुपवर ते आलं, माझ्या माहेरच्या ग्रुपवर आलं, ह्यांच्या खात्यातल्या जुन्या मित्रांनीही पाठवलं आणि वर हसणारे चेहरे चिकटवले.

मला राग आला, तो सांगायची सोय नाही. चुकलं असेल माणसाचं. पण चुकून काय केलं? रात्रभर शाळेत झोपवलंन, एवढंच ना? ज्यांनी टेकडी कापली त्यांचं रील करायला कुणी गेलं नाही. कोंडीराम तेवढा एकटा भेटायला आला. चहा घेताना म्हणाला, "साहेब, मनाला लावून घेऊ नका. रानात राखण करताना कदी कदी वाऱ्यालाबी दगड मारावा लागतो." हे हसले नाहीत. त्या दिवसापासून टेकडीवर जायचे बंद झाले. भाजी आणायलाही मीच. वस्तीतलं कुणी समोरून आलं की हे रस्ता बदलायचे. मोबाइल मात्र सुटला नाही.

विसर्जन झालं, पथकाचे ढोल गोदामात गेले, मैदान ओस पडलं. पितृपंधरवड्यात परतीच्या पावसाने जोर धरला. असा पडला की समोरची इमारत दिसेना.

दुपारी जेवणं झाली होती. गोदाबाई पोळ्या करून घरी गेली होती. मी आडवी झाले होते, तर हे दारात उभे. चेहरा पांढराफटक. "मंदा, कलतंय. दोन्ही यंत्रं. आणि तालात नाही."

"मग निघा की!"

आपत्ती कक्षाला फोन झाला होता, गाडी निघाली होती. पण गाडी पोचेपर्यंत कुणीतरी वर जायला हवं होतं. हे खुर्चीवर बसले. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तू जा. तुझं ऐकतील. माझं तोंड बघितलं की हसतील, आणि हसण्यात वेळ जाईल."

मला ते पटलं. खरं सांगते, त्या वेळी पटलं. छत्री घेतली आणि निघाले. चढावर चिखलातून पाय घसरत होते, आणि वाटेवर एक भेग पडली होती, हात जाईल एवढी. सकाळी ती नव्हती असं एक बाई म्हणाली. मी शाळेतला आवाज काढला. "चला! सामान राहू दे! पोरं उचला आणि शाळेकडे चला!" काही उठले. काही कुरकुरत उठले. "आता कुठला ढोल वाजला, बाई?" असं एकजण म्हणालाच. पण भेग बघून बायकांनी मुलं काखोटीला मारली. कडेची ओळ हळूहळू रिकामी व्हायला लागली.

कोंडीराम पहाटेच्या पाळीवरून येऊन झोपून उठला होता. दारात ताट घेऊन बसला होता. गोदाबाई पिशवी भरत होती.

"कोंडीराम, उठा. टेकडी कलली आहे."

"बसा की बाई. भिजलाव निस्त्या." त्याने माझ्या मागे वाटेकडे बघितलं. "साहेब कुठं हायत?"

"घरी आहेत. फोनवर आहेत. मला पाठवलंय."

त्याने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग हसला. चांगलं हसला, टिंगलीचं नाही. "बाई, राग मानू नका. आमच्याकडं लग्नाचं बोलावणं घेऊन घरचा कर्ता माणूस आला न्हाई, तर आमी ते बोलावणं खरं धरत न्हाई. बायकोला धाडलं म्हंजी समजायचं, आलात तर या. मागं साहेब सोता आले होते, हात जोडून. त्येंची खातरी होती. आता त्येंचीच खातरी न्हाई."

"अहो, खात्री आहे! भेग बघा तुम्ही!"

"पावसाळ्यात भेगा पडत्यात. गोदे, तू जा बाईंसंगं. मी एवढी भाकर खातो आन् येतो."

मी फोन लावला. ओरडले, "तुम्ही या! आत्ताच्या आत्ता या! तुम्हाला विचारतायत ते!" हे म्हणाले, "त्याला दे." मी फोन कोंडीरामच्या कानाला लावला. तो ऐकत होता. "व्हय साहेब. व्हय. आलोच जेवून." फोन माझ्या हातात देत म्हणाला, "फोनवर काय, बाई. फोनवर तर बँकवालेबी बोलावत्यात."

मी त्याचा हात धरून ओढला. पोती उचलणारा हात, माझ्याने काय हलणार? गोदाबाईने ताट ओढून घेतलं तर तिच्यावर खेकसला, "अगं, अन्नावरून उठवती व्हय?" शेजारची म्हातारी घसरून पडली म्हणून आम्ही दोघी तिला उचलायला धावलो. तिला धरून देवळापर्यंत नेलं. हे खालून येत होते. मला दिसले. छत्री नाही, चपला हातात, घाईघाईने चढत होते. मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांच्यावर ओरडलेसुद्धा नाही. बोटाने नुसतं कडेचं पहिलं घर दाखवलं.

हे माझ्यापर्यंत पोचले नाहीत तोच गिरिपुष्पाची झाडं चालायला लागली. उभीच्या उभी, झाडं खाली निघाली. आवाज मागून आला, मोठा ट्रक रेती ओततो तसा, पण तो थांबेच ना. कडेची ओळ पत्र्यांसकट लाल चिखलात गेली. गोदाबाई माझ्या हातातून सुटली आणि हे तिला आडवे झाले. तिने ह्यांच्या छातीवर गुद्दे मारले. हे मारू देत होते.

बाकी सगळी माणसं वाचली. पेपरात आलं, 'सतर्कतेमुळे मोठी जीवितहानी टळली'. ह्यांचा फोटोही आला. ज्यांनी रील पाठवलं होतं त्यांनीच तो फोटो पाठवला आणि खाली हात जोडले. टेकडीच्या पोटाला लाल जखम पडली. टेकडीखालचा ओढा कितीतरी दिवस लाल वाहत होता, खालची विहीर चिखलाने बुजली, आणि देवळामागे जे तित्तर ओरडायचे ते कुठे गेले कुणास ठाऊक. हे सगळं ह्यांनी मोजून, लिहून कॉलेजला दिलं.

वस्तीतली माणसं शाळेतच होती. कोंडीरामचं सगळं आटोपल्यावर हे म्हणाले, "मी जातो. एकटा." मी म्हटलं, एकटे नाही, मी येणार.

वर्गात बाक बाजूला सारून गोदाबाईला जागा दिली होती. दिग्विजय मुंडण करून बसला होता. आम्हाला बघून तो उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हे जमिनीवर बसले. ह्यांना खाली बसता येत नाही, गुडघे धरतात, तरी बसले.

"काका, एकच सांगा," दिग्विजय भिंतीकडेच बघत म्हणाला. "यू वेअर शुअर ना? मग तुम्ही आधीच का नाही आलात?"

मला वाटलं, आता हे काहीतरी शास्त्र सांगतील. आकडे, पाऊस, फोन, आपत्ती कक्ष. मी तर तोंड उघडलंही होतं, माझंच चुकलं असं काहीतरी बोलायला. ह्यांनी हाताने मला थांबवलं.

"लाज वाटली रे," हे म्हणाले. "लोक हसतील म्हणून लाज वाटली."

बाहेर मुलं पाण्याच्या नळावर भांडत होती. दिग्विजयचे खांदे हलायला लागले. गोदाबाईने त्याला जवळ ओढलं नाही, ह्यांना शिव्याही दिल्या नाहीत. मी तिला इतकी वर्षं ओळखते, मला वाटलं होतं ती शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. तिने पदराने तोंड पुसलं आणि ह्यांच्याकडे सरळ बघितलं.

"हसले असते, साहेब," ती म्हणाली. "पर उठले असते."