हलका क्लच

सवतीचं दुखणं काढायला बायकोनं गॅरेजातल्या बाकावर बसावं, ही वेळ माझ्यावरच यायची होती. सवत म्हणजे आमच्या ह्यांची मोटरसायकल. दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत पोचवायचे, हे त्यांचं काम. तिच्यावरच आमची चूल पेटते, त्यामुळे तिला फार बोलताही येत नाही.

गेल्या वर्षापासून ह्यांच्या डाव्या हाताच्या नसा सुकत चालल्यात. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही. हे म्हणाले, क्लच जड आहे. "नाचता येईना, अंगण वाकडं," मी फटकारलं. पण बुडत्याला काडीचा आधार. हळूहळू मीही त्या क्लचवर आशा लावून बसले.

गॅरेजवाल्यानं इंजिनातलं तेल काढलं, बाजूचं झाकण उघडून जुना क्लच बाहेर घेतला. नव्या प्लेटा तेलात भिजत पडल्या होत्या.

"वहिनी, हा स्लिपर क्लच," तो सांगू लागला. "वेगात गिअर खाली टाकला की मागचं चाक अडकतं, गाडी हिसका खाते. हा तेवढ्यापुरता आपला आपण सैल पडतो, चाक फिरत राहतं. आणि लिव्हर इतका हलका, की दोन बोटं पुरे."

"ऐकलंस?" हे माझ्याकडे वळले. "दोन बोटं! तेवढी आहेत माझ्याकडे."

किती दिवसांनी आम्ही तिघं हसलो. झाकण बसलं, तेल भरलं, केबल जुळवली. मी लिव्हर दाबून पाहिला. खरंच, नुसतं लोणी! मनात म्हटलं, निघतील अजून दोनेक वर्षं.

हे बसले, गाडी सुरू केली, क्लच दाबून पहिला गिअर टाकला. गाडी टुणकन पुढे उडाली आणि बंद पडली. गॅरेजवाल्यानं हँडल धरलं म्हणून वाचले.

"भाऊ, क्लच सोडलात."

"छे! दाबूनच धरलाय की."

ते समोर बघत होते आणि आम्ही त्यांच्या हाताकडे. बोटं सगळी उघडी होती.

मग त्यांनीही खाली पाहिलं. "जुन्याचा ताण खांद्यापर्यंत यायचा," ते हळूच म्हणाले. "म्हणून कळायचं, धरलाय की सुटलाय. ह्याचं काहीच कळत नाही."

"जुना परत बसवतो, भाऊ."

"जुना आता दाबवत नाही रे."

मला रडू आलं, रागही आला. कुणावर काढावा कळेना, तर त्या गरीब क्लचलाच चार शिव्या घातल्या. गाडी तिथंच ठेवून आम्ही चालत निघालो.

वाटेत मी त्यांचा डावा हात हातात घेतला. भर रस्त्यात असं आम्ही कधी केलं नव्हतं. ते मात्र उद्या कामावर काय सांगायचं, तेच बोलत होते. मोठा चौक आला. गाड्या सुसाट येत होत्या.

"अगं, हात धर ना माझा," ते म्हणाले.

मी धरलेलाच होता.